सोलापूरच्या मधल्या मारुतीजवळून आणलेलं सिट्रोनेला-कडुनिंब तेल, दोन महिने वापरून

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या मोठीला डेंग्यू झाला, प्लेटलेट 40 हजारांवर आल्या होत्या, सहा दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून घरात एक जरी मच्छर गुणगुणला तरी माझी झोप उडते. लिक्विडचं मशीन रात्रभर चालू ठेवलं की धाकटा खोकत बसतो, म्हणून यंदा पावसाळ्याआधी मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून हे तेल आणलं. 100 मिली, 140 रुपये. सिट्रोनेला, कडुनिंब, थोडी निलगिरी आणि बाकी खोबरेल.

यानं डास मरत नाहीत, दुकानातले काका पण सरळ बोलले, "ताई, हे मारायचं नाही, हाकलायचं औषध आहे." डास आपल्याला शोधतो ते श्वासातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामाच्या वासावरून आणि जवळ आला की अंगाच्या गरमीवरून, आणि वास घेतो तो डोक्यावरच्या मिशांनी. सिट्रोनेला हे गवती चहाच्याच जातीतल्या गवताचं तेल, त्याचा वास त्याला नकोसा होतो आणि माणसाचा माग नीट लागत नाही. मी एका संध्याकाळी गच्चीवर एका पायाला तेल लावून आणि दुसरा तसाच ठेवून बसले. तेलाच्या पायाकडे डास यायचा, चार बोटांवर आला की तिथंच घिरट्या घालायचा आणि वळून दुसऱ्या पायावर जाऊन बसायचा. दहा मिनिटांत त्या पायावर पाच गांध्या, तेलाच्या पायावर एकही नाही.

पण हे टिकतं तासभर, फार तर सव्वा तास. तेल उडून जातं, वास गेला की डास हजर, आणि घाम आला तर त्याच्याही आधी. एकदा लावून रात्रभर निवांत झोपू असं समजून घेत असाल तर घेऊ नका, रात्रीला मच्छरदाणीच.

बाटलीवर मोठ्या अक्षरात निलगिरी लिहिलंय ते मला पटलं नाही. जास्त वेळ टिकणारं म्हणतात ते लेमन युकॅलिप्टस, म्हणजे लिंबाच्या वासाची वेगळी निलगिरी, त्यातला पीएमडी हा घटक कामाचा, साधं सर्दीचं निलगिरी तेल म्हणजे ते नव्हे. आणि लेमन युकॅलिप्टसवालं तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना लावू नये असं सांगतात. आमचा धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याला मी हे पण लावत नाही.

मोठीला मात्र सकाळी शाळेत जाताना हातापायाला चोळून देते. डेंग्यूचा तो पांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसाच चावतो, लोक संध्याकाळी धूर करतात आणि दिवसभर पोरं उघड्या पायांनी फिरतात, याचं मला लई वाईट वाटतं.

आणि खरं मूळ आपल्या घरातच आहे ओ. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं घरोघरी बॅरल, हौद, हंडे भरलेले, आणि हा डास अंडी घालतो असल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या वर बॅरलच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, काथ्यानं घासावं लागतं. मी पाणी यायच्या आदल्या दिवशी बॅरल रिकामं करून घासते आणि भरलं की तोंडाला जुनं धोतर ताणून बांधते.

दुसरी बाटली परवाच आणली. दप्तरात मावेल अशी छोटी बाटली मागितली तर नाही म्हणाले, काका, तेवढी करा, शाळेत दुपारच्या सुट्टीत पोरींना परत लावायला हवं असतं.