इस्टेट, डिझेल, ऑटोमॅटिक : चौदा महिन्यांनंतर काजळीचा हिशेब

डिसेंबरात रागाच्या भरात लिहायला घेतलं होतं. "डिझेल अजिबात घेऊ नका" एवढंच सांगायचं होतं. तो भाग खोडत नाही. पुढचं आता मार्चमध्ये लिहिते आहे.

गाडी २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट (म्हणजे मागे छत लांबवलेली, मोठ्या डिकीची गाडी), २.० टीडीआय म्हणजे दोन लिटरचं डिझेल इंजिन, १५० बीएचपी, डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. मी इथली ड्रायव्हिंगची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली, त्यामुळे मॅन्युअल चालवायची मला परवानगीच नाही. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा ब्रिस्टलला जावं लागायचं, म्हणून डिझेल. आणि इस्टेट फक्त डिकीसाठी. ६१० लिटरची ती डिकी मी कुणालाही उघडून दाखवते. सासू-सासरे नाशिकहून आले तेव्हा चार मोठ्या बॅगा, लोणच्याच्या बरण्यांचं खोकं आणि धाकट्याची बाबागाडी, सगळं एका फेरीत हीथ्रोहून घरी आलं. ऑगस्ट २०२३ पासून हीथ्रोही युलेझमध्ये येतं, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचा आकार लागतो त्या लंडनच्या भागात. डिझेल गाडी युरो ६ या धुराच्या मानकाची नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. जुनी डिझेल स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी आधी गाडीचा नंबर सरकारी साइटवर घालून बघावा.

गिअरबॉक्सची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. १.६ डिझेलला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी येतो, आमच्या २.० ला तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा. त्याचं तेल दर ४०,००० मैलांना बदलायचं असतं. ज्याच्याकडे ते बदलल्याचं बिल नव्हतं, त्याची गाडी बघायलासुद्धा आम्ही गेलो नाही. चढावर रिव्हर्स घेताना क्षणभर थांबते, तेवढं सोडलं तर गिअरबॉक्सने एकदाही त्रास दिलेला नाही.

त्रास दिला डीपीएफने. म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ऑगस्टपासून नवऱ्याचं काम घरून सुरू झालं आणि गाडी माझ्याकडे आली. शाळा दोन मैल, दुकान दीड मैल. नोव्हेंबरच्या शेवटी पिवळा दिवा लागला, चार दिवसांनी दुसरा, मग गाडीचा जोरच गेला. गॅरेजवाल्याने नुसतं बघून सांगितलं, नवीन डीपीएफ, १,४०० पौंड. दुसरा म्हणाला, आतलं काढून पोकळ करून देतो, स्वस्तात. २०१४ पासून डीपीएफ काढलेली गाडी एमओटीला, म्हणजे इथल्या दर वर्षीच्या सक्तीच्या तपासणीला, नापास होते, वर दंड वेगळा, आणि हा माणूस हे मला मुलांसमोर सुचवतो! त्या रात्री मी गाडी विकायची जाहिरात लिहून ठेवली होती.

इथपर्यंत डिसेंबरचं.

जाहिरात टाकली नाही, कारण ओळखीतून एक मेकॅनिक मिळाला. त्याने आधी लॅपटॉप लावून काजळी किती साठली आहे ते वाचलं, मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून माझ्या हातात दिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि त्याला चक्क डिझेलचा वास येत होता. ऑइल वाढतं कसं, हे मला कळेना. त्याने समजावलं ते असं : जाळी भरत आली की गाडी जादा डिझेल सोडून ती ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी दर वेळी मध्येच शाळेच्या फाटकाशी इंजिन बंद करत होते. काजळी तशीच राहायची आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरायचं.

तेव्हा आठवलं. फाटकाशी गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहायचा, तापलेल्या लोखंडाचा वास यायचा आणि मी तशीच मुलांना आणायला आत जायची. गाडी महिनाभर सांगत होती, मला ऐकायला येत नव्हतं. दोष गाडीचा नव्हताच. त्याने लॅपटॉपवरून काजळी जाळून घेतली, ऑइल बदललं (डीपीएफला चालणारं कमी राखेचंच घालायचं, हे बजावून) आणि १९० पौंड घेतले. वाचलेले बाराशे पौंड मला अजून रोज आठवतात.

आता खुणा पाठ झाल्या आहेत. एरवी सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन चालूच राहिलं आणि इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा ८०० ऐवजी १,००० वर दिसला, की मी घरी वळत नाही. शिवाय दर रविवारी सकाळी एम-४ हायवेवरून चिव्हली गावापर्यंत जाऊन परत येतो, अडीच-तीन लिटर डिझेल लागतं. पूर्वी मला ही उधळपट्टी वाटली असती. हायवेवर लिटरला एकोणीस-वीस किलोमीटर देणारी हीच गाडी शाळेच्या फेऱ्यांत तेरावर येते, हेही तेव्हा मी कधी मोजलं नव्हतं.

गाडी विकत नाही. पण ज्यांच्या घरी आठवड्यातून एकही लांबची फेरी नाही, त्यांनी हीच इस्टेट पेट्रोलमध्ये शोधावी. डिझेलच बघायला जाणार असाल तर एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट मिळतो, त्यात वर्षाला किती मैल झाले ते आधी बघा. मग गार इंजिनची डिपस्टिक स्वतः ओढा, पुसा, परत घालून काढा आणि नाकाशी धरा.