स्लीव्हनंतरचे नऊ महिने: स्नायू मोजणारा काटा आणि रबरी पट्टे

वजन कमी करण्यासाठीच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर (यात जठराचा मोठा भाग काढून टाकतात) तीन महिन्यांत 22 किलो उतरले. सगळे कौतुक करत होते आणि मला कमोडवरून उठताना भिंतीचा आधार लागत होता. चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत जास्त झिजतात, हे आहारतज्ज्ञांनी बजावलं होतं. मी ऐकून सोडून दिलं होतं. मग घाबरून दोन वस्तू घेतल्या: स्नायूंचाही अंदाज देणारा वजनकाटा आणि व्यायामाचे रबरी पट्टे.

काट्याबद्दल आधी. तळपायांतून सौम्य वीजप्रवाह जातो, त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून शरीरातल्या पाण्याचा आणि त्यावरून स्नायूंचा अंदाज बांधला जातो. म्हणजे पाणी कमी पडलं की गणित बिघडलंच. एका सकाळी त्याने रात्रीतून दीड किलो स्नायू गायब झाल्याचं दाखवलं! आदल्या दिवशी पाणीच पोटात गेलं नव्हतं. जेवताना प्यायचं नाही, एरवीही घोट घोट, मग राहून जातं. पुढे आठवड्यातून एकदाच, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी मोजायचे. तेव्हा कुठे आकडे जरा ठिकाणावर आले. पेसमेकर असेल त्यांनी हा काटा घेऊच नये.

पट्ट्यांना मात्र पूर्ण गुण. सर्जननी होकार दिल्यावरच सुरू केले, आठवड्यातून तीन दिवस, 25 मिनिटं. पहिल्या दिवशी सगळ्यात हलका पट्टाही छातीपर्यंत ओढला जाईना. पाचव्या महिन्यात एक पट्टा दाराच्या कडीपाशी तुटून मनगटावर सपकन बसला, वळ चार दिवस होता. आता आधी ताणून बघते, बारीक चिरा दिसल्या की फेकून देते.

प्रोटीन पावडर सोबत होतीच. मला रोज 60 ते 80 ग्रॅम सांगितलं होतं, तेवढं नुसतं जेवणातून जाणं पहिले काही महिने अशक्य. साध्या व्हेने, म्हणजे दुधाच्या निवळीपासूनच्या पावडरने, पोट गुडगुडायचं. आयसोलेट या जास्त शुद्ध केलेल्या व्हेमध्ये लॅक्टोज (दुधातली साखर) अगदी कमी असतं, ते पचलं. पण प्रोटीन पूर्ण आणि व्यायाम शून्य असेही माझे काही आठवडे गेलेत, आणि कमोडची भिंत तेव्हाच लागायची.

फिजिओंनी शिकवलेली चाचणी फुकटची आहे: हात छातीवर बांधून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं. मी 9 वर होते, आता 17. काट्याची बॅटरी गेल्या महिन्यात संपली, अजून बदललेली नाही.