कापसावर आलेली चंद्रकोर

राहायला बर्मिंगहॅमजवळ. रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारात भटकायचा नाद, आणि त्याच नादापायी मला 180 पौंडांचा चुना लागला. तुम्हाला लागू नये म्हणून लिहितोय.

वस्तू म्हणजे बिनकानाचा चहाचा कप आणि बशी. पांढऱ्यावर निळं चिनी चित्र: पूल, त्यावर तीन माणसं, झुकलेलं विलोचं झाड, वर दोन पक्षी. बुडाला निळी चंद्रकोर, म्हणजे वूस्टर या जुन्या इंग्रज पोर्सलिन कारखान्याची खूण. "वूस्टर, 1760च्या सुमाराचं, हातानं रंगवलेलं," विक्रेता म्हणाला आणि मग गोष्टच लावली. चिनी अंमलदाराची मुलगी गरीब कारकुनाबरोबर पळते, बाप पाठलाग करतो, शेवटी दोघांचे पक्षी होतात. मी विरघळलो. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. ही गोष्ट चीनची नाहीच. चिनी नमुन्यांची सरमिसळ करून इंग्रजांनी हे चित्र अठराव्या शतकाच्या अखेरीस बेतलं आणि गोष्ट तर त्याहून नंतरची, एकोणिसाव्या शतकातली. 1760 साली कुठून येणार?

घरी आल्यावर अक्कल आली. 1751 साली सुरू झालेला वूस्टरचा कारखाना मातीत सोपस्टोन (एक मऊ दगड) घालायचा, त्यामुळे उकळत्या पाण्यानं भांडं तडकत नसे. ते उजेडासमोर धरलं की सहसा हिरवट झाक दिसते. मी मोबाइलचा टॉर्च लावला. हिरवट सोडा, कपातून उजेडच येईना. पोर्सलिन, म्हणजे उजेड आरपार जाऊ देणारी चिनी माती, नव्हतंच ते. भिंगातून पाहिलं तर सावलीच्या जागी बारीक कोरीव रेघा, आणि काठाची नक्षी फिरून येते तिथे दोन टोकं जुळतच नव्हती. छापाचा कागद चिकटवल्याची खूण. (छापील माल वूस्टरही करायचं, पण मग 'हातानं रंगवलेलं' कशाला सांगायचं?)

राहिली चंद्रकोर. कोबाल्टची निळी खूण झिलईच्या खाली असते, नखाला लागत नाही. माझ्या नखाला लागली. बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन घासलं, तर अख्खी चंद्रकोर कापसावर आली.

पुढच्या बाजाराला जाऊन विचारलं. गडी शांत. म्हणाला, पावती दाखवा. पावतीवर त्याच्याच अक्षरात एवढंच होतं: 'कप-बशी, निळी, जुनी.'