घर शोधायच्या ॲपचं प्रीमियम घ्यावं का? तीन महिने वापरलं, दोन स्टार

ॲपचं नाव घेत नाही, थोड्याफार फरकाने सगळी अशीच आहेत.

झालं असं की आमचं ॲग्रीमेंट संपत आलं आणि मालकांनी रिन्यूअलला भाडं एवढं वाढवून सांगितलं की म्हटलं बघू दुसरीकडे, तर दुसरीकडचे आकडे बघून आमचे मालक देवमाणूस वाटायला लागले. घाबरून प्रीमियम घेतलं. नवीन घर आलं की प्रीमियमवाल्यांना अर्धा तास आधी कळतं म्हणे. एका बाईंना लगेच फोन लावला, पोस्ट टाकून वीस मिनिटंही झाली नव्हती, तर त्या म्हणाल्या तुमच्या आधी सत्तावीस फोन येऊन गेले! म्हणजे ते सत्तावीसही प्रीमियमच. रांग होती तेवढीच आहे, फक्त आता रांगेत उभं राहायचे पैसे लागतात.

तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. ६४ मेसेज, १९ उत्तरं, ७ घरं बघितली, त्यातली दोन आम्ही पोचेपर्यंत गेलेली. आणि गेलेलं घर लिस्टमधून पटकन काढतच नाहीत, कारण त्यावर फोन आला की एजंटला बोलायला मिळतं, ते गेलं हो, पण दुसरं आहे, बजेट जरा वाढवा. हे 'जरा' किती असतं ते विचारू नका.

'ऑफर द्या' नावाचं बटण तर डोक्यातच गेलं. मागितलेल्या भाड्यावर आपणच बोली लावायची, भाजीवाल्याशी उलटी घासाघीस केल्यासारखी. इंग्लंडमध्ये २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्यात जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त मागायला आणि भाडेकरूने स्वतःहून दिलं तरी घ्यायला बंदी घातलीये, तसं सगळीकडे व्हायला पाहिजे.

पण खरी गंमत 'या भागातलं सरासरी भाडं' या आकड्याची. मी मालकांना विचारलं एवढी वाढ कशी काय, तर त्यांनी मोबाईल काढून हाच आकडा दाखवला, याच ॲपवरचा! आता हा आकडा येतो कुठून, तर रिकाम्या घरांसाठी लोकांनी जे मागितलंय त्यातून. मिळालं किती ते कोणी सांगत नाही, आणि पाच-सहा वर्षं एकाच घरात जुन्या भाड्याने राहणारे यात धरलेलेच नसतात. मग मालक तो आकडा बघून वाढवतात, तेच परत लिस्टिंगमध्ये येतं, आकडा अजून वर. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्याय विभागाने रिअलपेज या भाडं सुचवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीवर केस केली होती, आरोप असा की मालकांची आतली माहिती एकत्र करून भाडं सुचवतात आणि त्यांच्यातली स्पर्धाच मारतात. इथे माहिती उघडी आहे एवढाच फरक, सवय तीच लागते.

आता दोन स्टार कशाला दिले ते सांगतो. 'भाड्याचा इतिहास' नावाचं एक फीचर आहे, खूप आत लपवलंय, घराचं पान उघडून पार खाली जायचं. त्यात दिसलं की आमच्याच बिल्डिंगमधलं वरच्या मजल्यावरचं घर सहा आठवडे रिकामं आहे आणि भाडं दोनदा कमी केलंय. तेवढं घेऊन मालकांकडे गेलो, म्हटलं काका हिशोब करा, घर एक महिना रिकामं राहिलं तर वर्षाच्या उत्पन्नातला बारावा हिस्सा गेला, म्हणजे ८ टक्क्यांच्या वर, वरून रंगकाम आणि एजंट वेगळाच. काका गप्प बसले, आतून काकूंचा आवाज आला की राहू दे हो, वेळेवर देतात. वाढ निम्म्यावर आली. राहिलो तिथेच.

म्हणजे बघा, आमचंही घर बाजारात आलं नाही. आमच्यासारखे कितीतरी जण असेच जागा सोडत नाहीयेत, नवीन ठिकाणी परवडणारच नाही म्हणून, आणि मग लिस्टवर येणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ॲप कितीही फास्ट करा.

घ्यायचंच असेल तर एकच महिना घ्या, तो इतिहास बघा, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि ऑटो रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करा, माझा तिसरा महिना तसाच कापला गेलाय.