दांडिया बाजारातील स्मरणशक्तीच्या कॅप्सूल
वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका आयुर्वेदिक दुकानातून सासूबाईंसाठी ब्राह्मी, शंखपुष्पी आणि गिंको (एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क) यांच्या एकत्रित कॅप्सूल घेतल्या. दुकान नीटनेटके आहे, मालक आपुलकीने मराठीत बोलतात. मात्र डबीवर ‘विस्मरणावर रामबाण’ असे ठळक छापलेले असताना कोणता घटक किती मिलिग्रॅम आहे, हे मागच्या बारीक अक्षरांतही सापडत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे. ब्राह्मीच्या काही लहान चाचण्यांत निरोगी प्रौढांच्या स्मरणात थोडी सुधारणा दिसली आहे खरी. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक वृद्धांच्या अमेरिकी अभ्यासात रोज २४० मिलिग्रॅम गिंको घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले नाही. शिवाय गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि सासूबाई रक्त पातळ करणारी गोळी घेतात का, एवढेही कोणी विचारले नाही. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवून आधी बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण त्यांतील बिघाडामुळे आलेले विस्मरण उपचारांनी बरेचदा सुधारते. सुंठ, ज्येष्ठमध मात्र येथे निवडक आणि ताजे मिळते. उघडलेली डबी परत घेत नाहीत.