क्रोन्सचं घरी घ्यायचं इंजेक्शन: औषध भरवशाचं, जपणूक अवघड

क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणाऱ्या जुनाट आजाराचं, निदान विशी-बाविशीत झालं की स्टिरॉइडचा पहिला कोर्स संपायच्या आतच डॉक्टरांच्या तोंडून ‘बायॉलॉजिक’ (जिवंत पेशींपासून बनवलेलं प्रथिन-औषध) हा शब्द येतो. त्या गटातलं, घरच्या घरी घेता येणारं औषध म्हणजे अ‍ॅडालिमुमॅब. त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडसने बाजारात आणलं. आता अनेक भारतीय कंपन्यांचं मिळतं, आणि मूळ औषधापेक्षा बरंच स्वस्त. ४० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज, दर पंधरवड्याला एक. तीच सिरिंज गोव्यातल्या घरात, गोव्याच्या हवेत वापरायला कशी आहे, हे इथे पाहू.

आमचं मत आधीच सांगतो. कॉलेज किंवा नोकरी चालू ठेवायची आहे आणि गुदद्वाराजवळ भगंदर झालेलं नाही, तर ही सिरिंज चांगली निवड आहे. भगंदर असेल तर इन्फ्लिक्सिमॅब या त्याच गटातल्या, शिरेतून द्यायच्या औषधाची ड्रिपच आधी विचारात घ्या. त्या बाबतीत तिचा अभ्यास जास्त झालेला आहे. आणि आजार लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापुरता, ४० सेंटिमीटरच्या आत असेल, आतडं अरुंद झालेलं नसेल, तर ‘आधी औषधं, शस्त्रक्रिया अगदी शेवटी’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य सोडून द्यावं. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या अशाच रुग्णांवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात दुर्बिणीतून तेवढा भाग काढलेले आणि इन्फ्लिक्सिमॅब घेतलेले, दोघांचंही वर्षानंतरचं जगणं सारखंच बरं होतं.

‘एवढं जड औषध इतक्या लवकर कशाला?’ हा आई-बाबांचा प्रश्न रास्त आहे. स्टिरॉइड सूज झटकन उतरवतं, पण आजार ताब्यात ठेवत नाही. अ‍ॅझाथायोप्रिनची गोळी स्वस्त, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. एनयूडीटी१५ या जनुकात फरक असेल तर या गोळीने पांढऱ्या पेशी धोकादायक उतरतात, आणि हा फरक भारतीयांत दुर्मीळ नाही. २०२४ मध्ये ब्रिटनच्या ‘प्रोफाइल’ चाचणीचे निष्कर्ष आले. नुकतंच निदान झालेले ३८६ रुग्ण होते. सुरुवातीपासून इन्फ्लिक्सिमॅब आणि सोबत गोळी मिळालेल्यांपैकी ७९ टक्क्यांचा आजार ४८ आठवडे स्टिरॉइड आणि शस्त्रक्रियेविना शांत राहिला. औषधं पायरीपायरीने चढवत नेलेल्यांत १५ टक्के. अ‍ॅडालिमुमॅब त्याच कुळातलं. मात्र तरुण मुलग्यांना गोळी आणि बायॉलॉजिक दोन्ही एकत्र द्यायचं ठरलं, तर फार क्वचित होणाऱ्या एका लिम्फोमाबद्दल (लसिकापेशींच्या कर्करोगाबद्दल) डॉक्टरांशी बोलून घ्या आणि दोन्ही किती महिने चालणार तेही विचारा.

पहिल्या डोसआधी टीबीची तपासणी टाळू नका. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स कॉलोनोस्कोपीतही एकमेकांसारखे दिसतात, आणि हे औषध शरीरात दडलेला टीबी जागा करतं. छातीचा एक्स-रे, मॅन्टू (कातडीवरची टीबी चाचणी) किंवा इग्रा (रक्तातली), शिवाय हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. दडलेला टीबी निघाला तर त्याची औषधं सुरू करून साधारण महिनाभर थांबावं लागतं.

आता हिशेब. पहिल्या दिवशी १६० मिलिग्रॅम, म्हणजे चार सिरिंज. एकाच दिवशी नको वाटलं तर लागोपाठ दोन दिवस दोन-दोन. पंधराव्या दिवशी दोन. एकोणतिसाव्या दिवसापासून दर पंधरवड्याला एक. पहिल्या वर्षाला ३० सिरिंज होतात, पुढे वर्षाला २६. पैशांची जुळवाजुळव ३० धरून करा. छापील किंमत आणि फार्मसीने सांगितलेली किंमत यांत फरक पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा आणि कंपनीची रुग्णांसाठी सवलत आहे का, तेही.

आता या औषधाची खरी दुखरी बाजू. खोक्यावर लिहिलेलं असतं: २ ते ८ अंश, गोठवू नये. मूळ औषधाच्या पत्रकात २५ अंशांपर्यंत १४ दिवस बाहेर चालतं अशी मुभा आहे. गोव्यात मे महिन्यात रात्रीही पारा सहसा २५ च्या खाली उतरत नाही. एसी खोली नसेल तर ती मुभा आपल्यासाठी नाहीच, असं धरून चाला. पण उन्हाइतकाच बर्फाचाही धोका आहे. पणजीहून किंवा मडगावहून सिरिंज आणताना गोठलेला जेल पॅक खोक्याला थेट टेकला तर औषध गोठतं. गोठलेलं औषध वितळून स्वच्छ दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण त्यातलं प्रथिन बिघडलेलं असतं. मध्ये टॉवेलची एक घडी किंवा वर्तमानपत्राचे चार थर ठेवा. स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पेडण्यापर्यंत पोचेतो आतली हवा तापते.

घरी एका दाराच्या फ्रिजमध्ये फ्रीझरखालचा ट्रे आणि मागची भिंत या दोन जागा वाईट, दारातला कप्पाही नको. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि शेजारी छोटा डिजिटल थर्मामीटर. चवथीच्या आठवड्यात खास लक्ष द्या. खोवलेला नारळ, खतखत्याच्या भाज्या, पातोळ्यांचं सारण आत ठासलं जातं, घाईत तो डबा मागे ढकलला जातो आणि रात्रीत भिंतीला चिकटून गोठतो. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘हलवू नका’ लिहा. पहिल्या पावसात वीज गेली तर दार उघडून पाहण्याचा मोह आवरा. बंद फ्रिज चारेक तास थंडावा धरतो.

टोचणं त्या मानाने सोपं. अर्धा तास आधी बाहेर काढा, टोपण तसंच राहू द्या; गरम पाण्यात धरू नका, हलवू नका. बेंबीपासून पाच सेंटिमीटर दूर किंवा मांडीच्या पुढच्या भागावर, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर नाही. स्पिरिट लावल्यावर पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की चुरचुर होते, आणि बरेच जण ती औषधाचीच समजतात. कातडीची चिमूट, ४५ अंशांत सुई, दांडा सावकाश दहा सेकंदांत दाबा. खरी जळजळही होते. सायट्रेट (औषधात मिसळलेला एक क्षार) असलेल्या औषधात जास्त, सायट्रेटविना असलेल्यात कमी. खरेदीआधी हे विचारून घ्या. नंतर चोळू नका. ताप असेल त्या दिवशी डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो दोन्ही फिरत असतात.

सहा-आठ महिन्यांनी गुण ओसरतोय असं वाटलं तर लगेच औषध बदलू नका. आधी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (२५० च्या वर असेल तर आतड्याला सूज आहे असं धरतात) आणि पुढच्या डोसआधी रक्तातली औषधाची पातळी तपासा. पातळी कमी निघाली तर डोस दर आठवड्याला करून बरेचदा काम भागतं. औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली असेल तर मात्र बदलावंच लागतं. डोस चुकवणं हे अँटिबॉडीचं एक नेहमीचं कारण. चुकलाच तर आठवताक्षणी घ्या, पुढचा ठरल्या तारखेला.

ड्रिपशी तुलना करायची तर इन्फ्लिक्सिमॅब वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम: ५५ किलोला १०० च्या तीन बाटल्या, पहिल्या वर्षी आठ वेळा. ड्रिप दोन तास, वर देखरेख. काणकोणहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जायचं तर अख्खा दिवस गेला. पण फ्रिजची काळजी हॉस्पिटलची, तुमची नाही. डीडीएसएसवाय (गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना) कार्ड असेल तर पहिल्या ड्रिपआधीच काउंटरवर पॅकेजची यादी पाहून घ्या.

मुलींसाठी एक गोष्ट: हे औषध गरोदरपणात सहसा चालू ठेवतात, पण बाळाला जन्मताच दिली जाणारी बीसीजी लस तेव्हा द्यायची नाही. ती किती महिन्यांनी द्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद प्रसूतीच्या फाइलला लावा.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. जाड प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बरणीत टाका, भरली की हॉस्पिटलात द्या. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात सुई गेली, तर पिशवी हाताने निवडणाऱ्या बाईच्या तळहातात घुसते.