आजचा मासा, बाजारभावाप्रमाणे

रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही. एक तर थोडे पैसे परत मिळालेत, आणि दुसरं म्हणजे तिथल्या आचाऱ्याचा हात खरंच चांगला आहे. त्याच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही. पण सोलापुरात सध्या अशी झगमगीत ठिकाणं वाढायला लागलीत, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

पहिल्यांदा आम्ही दोघंच गेलो होतो, मी आणि बायको. मंद दिवे, पांढरे टेबलक्लॉथ, आणि मेनूकार्डावर अशी नावं की वाचताना जीभ अडखळावी. फ्रेंच ओनियन सूप मागवलं. कांदा लोण्यात तासभर मंद आचेवर परतून तपकिरी केलेला, वर पावाचा तुकडा आणि त्यावर वितळून कडेला खरपूस झालेलं चीज. आपल्याकडं कांदा-लसणाचं वाटण भाजायला एवढा वेळ कोण देतो? मी वाटी पुसून खाल्ली. रस्सा कशाचा आहे विचारलं, कारण फ्रान्समध्ये तो गोमांसाचा असतो; ‘इथं भाज्यांचाच’ असं सांगितलं. ‘कोक ओ वॅं’ म्हणजे वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी. यांच्याकडं दारूचा परवानाच नाही, त्यामुळं वाईनच्या जागी द्राक्षाचा रस आणि व्हिनेगर. वेटरनं हे विचारल्यावर कबूल केलं. तेव्हा मला तो प्रामाणिकपणा वाटला. आता वाटतं, विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

बिल २,०७० अधिक पाच टक्के कर, २,१७३ रुपये ५० पैसे. दोघांच्या जेवणाला जास्तच, पण वर्षातून एकदा चालतं म्हणून खुशीत घरी आलो आणि चार जणांना सांगत सुटलो.

म्हणून आई-अप्पांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिथंच टेबल बुक केलं. अप्पा म्हणाले होते, ‘कशाला रे, घरीच कर काहीतरी. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. झालं की.’ मी ऐकलं नाही.

आम्ही पाच जण. बसल्याबरोबर पाण्याच्या चार बाटल्या आल्या, झाकणं उघडूनच. आमच्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं समोर आलेल्या पाण्याला नको म्हणायची सवय कुणालाच नाही. पाठोपाठ पावाच्या दोन टोपल्या. मग प्रत्येकापुढं चमच्याएवढ्या चिनी मातीच्या वाटीत बिटाचा काहीतरी फेस. ‘अमूज-बुश, शेफकडून,’ असं वेटरांचा कॅप्टन वाकून म्हणाला. अमूज-बुश म्हणजे जेवणाआधीचा छोटासा घास. ‘शेफकडून’ म्हटल्यावर माणूस काय समजेल? आईनं त्याला ‘देव भलं करो’ म्हटलं.

मग तो मासा घेऊन आला. स्टीलच्या ट्रेमध्ये बर्फ, बर्फावर अख्खा मासा, डोळे स्वच्छ, बाजूला लिंबाची फोड. ‘सी बास, सर. मेडिटरेनियन.’ कार्डावर ‘आजचा मासा’ एवढंच, आणि आकड्याच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘केवढ्याला?’

‘सर, मार्केट प्राइस.’

‘अहो, म्हणजे केवढ्याला?’

शेजारच्या टेबलावरची मंडळी बघत होती. मी खालच्या आवाजात म्हणालो, ‘अप्पा, असू द्या ना.’ गिरणीच्या हिशेब खात्यात उभी हयात घालवलेला माणूस, पोराच्या एका वाक्यावर गप्प बसला. त्या संध्याकाळचा सगळा पैसा बाजूला ठेवला तरी हे वाक्य मला परत घ्यायचं आहे.

मासा शिजून आला तेव्हा त्याचे दोन पातळ तुकडे होते. डोकं, काटे, शेपूट काहीच नाही. चव बरी. आईला आणि मला रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटो-ढोबळी मिरचीची भाजी. पहिल्या वेळी ती झकास होती, या वेळी मधे गार. आचारी रजेवर असल्याचं नंतर कळलं.

शेवटी क्रेम ब्रुले. दुधावरच्या दाट सायीसारखं, वर जाळलेल्या साखरेची काच. चमच्यानं टक्‌ करून फोडायची. आईच्या गळ्यात माळ आहे, वारीही करते. तिनं चमचा हातात घेऊन विचारलं, ‘यात अंडं नाही ना रे बाळा?’ कॅप्टन म्हणाला, ‘नाही आजी, नुसतं क्रीम.’ कार्डावरही हिरवा ठिपका होता. तिनं चवीनं खाल्लं, तळाशी राहिलेलंसुद्धा खरवडून.

मग बिल. चामड्याच्या पाकिटात, बडीशेपेसोबत. १२,२७९.

अप्पांनी खिशातलं बॉलपेन काढलं. आता मात्र मी त्यांना अडवलं नाही. चार सूप १,३००. दोन रातातुई ९००. न मागवलेला पाव ४८०. पाणी ७२०. ‘शेफकडून’ आलेला फेस पाच वाट्यांचे ७५०. तीन क्रेम ब्रुले ८२५. आणि मासा ४,४८५, म्हणजे १०० ग्रॅमला ३९० रुपयांनी साडेअकराशे ग्रॅम. वजन त्या बर्फावरच्या अख्ख्या माशाचं. ताटात आलं त्याच्या निम्मंही नसेल. एकूण ९,४६०. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, ९४६. आणि त्या बेरजेवर, सर्व्हिस चार्जसकट, १८ टक्के जीएसटी.

‘मागच्या वेळी पाच टक्के होता,’ मी म्हणालो. उत्तर मिळालं, ‘सर, सिस्टिम अपग्रेड झालीय.’ सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर ‘हाउस पॉलिसी’. आईला दमल्यासारखं झालं होतं, पोरगी कंटाळली होती. मी कार्ड स्वाइप केलं. बाहेर पार्किंगमध्ये अप्पा एवढंच म्हणाले, ‘बिल नीट जपून ठेव.’

त्या कागदामुळंच पुढचं जमलं, म्हणून थोडं तपशिलात.

१८ टक्के कर रेस्टॉरंटला कधी लागतो? ते ज्या हॉटेलात आहे तिथल्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असेल तर. सुट्या रेस्टॉरंटला ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. इथं तर वर राहायला एकही खोली नाही. बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक होता, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला. कुणालाही बघता येतं, लॉगिन लागत नाही. समोर आलं: कंपोझिशन. म्हणजे लहान धंद्यांची सवलतीची योजना. त्यात मालकानं आपल्या उलाढालीवर स्वतःच्या खिशातून कर भरायचा, गिऱ्हाइकाकडून एक पैसाही कर घ्यायचा नाही, आणि तसं बिलावर छापायचं. थोडक्यात, १८ टक्के चूक, आणि पहिल्या वेळचे १०३ रुपये ५० पैसेही चूक. ज्या बिलावर मी खूश होतो तेच पहिलं टोपी घालणं होतं!

सर्व्हिस चार्जचं तर सरळ आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलनं तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानंही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. द्यायचा की नाही ही गिऱ्हाइकाची मर्जी. गंमत म्हणजे ज्या फ्रान्सच्या नावावर हे सगळं चाललंय, तिथं सेवेचा आकार कार्डावरच्या भावातच धरलेला असतो, पाव जेवणाबरोबर येतो, नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट मिळते, आणि अमूज-बुश ही शेफची भेट असते. म्हणजे यांनी पदार्थ फ्रान्सचे घेतले आणि रीत मात्र आपली लावली.

बाटलीच्या पाण्याचं मात्र काही करता आलं नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये हॉटेलांना दिलीय. झाकण उघडायच्या आधी साधं पाणी मागायचं, तेवढंच आपल्या हातात.

मेनूकार्डाचा पोरीनं फोटो काढला होता, इन्स्टाग्रामला टाकायला. तो मोठा करून बघितला तर त्यात ‘फ्वा ग्रा’, बदकाच्या फुगवलेल्या यकृताचा पदार्थ, १,९०० रुपये. त्याची आयात भारतानं २०१४ मध्येच बंद केलीय. आम्ही मागवला नाही; पण मागवला असता तर ताटात काय आलं असतं कुणास ठाऊक. आणि तो ‘मेडिटरेनियन सी बास’? आपल्याकडं सी बास म्हणून जो बहुतेक मिळतो तो जिताडा. अलिबागकडचा माणूस त्यावर जीव टाकतो, मासा उत्तमच. पण मग जिताडा म्हणा की. भाव तेवढा लावता येणार नाही, हीच अडचण असावी.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, बिलाचा आणि मेनूचा फोटो अपलोड करायला सांगितलं, तक्रार क्रमांक दिला. नवव्या दिवशी मॅनेजरचा फोन. आवाज एकदम साजूक तुपातला. सर्व्हिस चार्ज ९४६ आणि कर १,८७३, मिळून २,८१९ रुपये त्याच दिवशी खात्यावर. माशाचं काही नाही, ‘मार्केट प्राइस लिहिलेलं होतं सर’. फेसाचंही नाही. वर दोघांच्या जेवणाचं कूपन पाठवतो म्हणाला.

फोन स्पीकरवर होता. बायकोनं विचारलं, ‘आणि क्रेम ब्रुलेत अंडं असतं का हो?’ तिनं तोवर दहा ठिकाणी कृती वाचली होती. साय, साखर, व्हॅनिला आणि पिवळं बलक; बलकाशिवाय ते घट्ट बसतच नाही.

‘असतंच ना मॅडम. फ्रेंच आहे.’

‘आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं. माळकरी आहेत त्या.’

पलीकडं क्षणभर शांतता. मग म्हणाला, ‘आजींना कळलंय का? नसेल तर सांगू नका ना मग.’

त्या रात्री मी आईला सांगितलं. ती वाती वळत होती. हात थांबला नाही तिचा. फक्त म्हणाली, ‘मी विचारलं होतं ना रे त्याला?’